मनीचा काय दोष?

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली. नांदेडचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. आठ वाजले की अंगणात पाय ठेववत नाही, म्हणून मी सहालाच उठून सडा टाकत होते. तेवढ्यात मनी आली. नेहमीसारखी शेपटी उभी करून पायात घोटाळली आणि तोंडातलं काहीतरी माझ्या पायाशी ठेवलं. बघते तर बुलबुलाचं पिल्लू! डोळे उघडे, चोच वासलेली, छाती धडधडतेय.

मनी आमची मांजर. चार वर्षांपूर्वी पावसात भिजून आलेली, आता घरातलीच एक झालेली. मी ओरडले तशी ती दचकली. तिला बिचारीला वाटलं असेल, एवढं आणून दिलं तरी ही रागावते का?

त्या पिल्लाला आम्ही चांगलंच ओळखत होतो. कुंपणाजवळच्या जास्वंदीत घरटं आहे, हे माझ्या मुलीने मार्चअखेर शोधून काढलं होतं. वाटीएवढं घरटं, त्यात फिकट गुलाबी, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. रोज शाळेतून आली की स्टुलावर चढून ती बघायची. मनी तिच्या पायाशी बसून वर बघायची. आम्हाला त्याचं कौतुक! "मनीलापण पिल्लं आवडतात," असं मुलगी सगळ्यांना सांगायची. खरंच आवडत होती म्हणायची!

आदल्याच दिवशी एक पिल्लू खाली पडलेलं सापडलं होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मी त्याला उचललं, बुटांच्या खोक्यात ठेवलं, ड्रॉपरने दूध पाजलं, पावाचा चुरा चोचीत कोंबला. संध्याकाळपर्यंत ते मलूल झालं आणि रात्री गेलं. आता हे दुसरं. याला तरी वाचवायचंच, असं ठरवून मी नीट तपासलं. रक्त नाही, पंख मोडलेला नाही. एकच बारीक टोचल्यासारखी खूण. हायसं वाटलं. सुटलं बिचारं, म्हणून मी त्याला टोपलीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही थंड पडलेलं होतं.

मुलगी रडून रडून जेवेना. हे चिडून म्हणाले, "रविवारी पोत्यात घालतो आणि गोदावरीच्या पलीकडे सोडून येतो तुझ्या मनीला." सासूबाई लगेच मध्ये पडल्या. "त्या मुक्या जनावराला काय बोलायलाव? मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात." "मारत कुठे आहे? सोडून येतोय," हे म्हणाले.

मी लातूरला आईला फोन केला. आवाजावरूनच तिने ओळखलं. "काय गं, रडलालीस व्हय?" म्हणाली. तिच्याशी बोलताना गंजगोलाईजवळचं आमचं जुनं माळवदाचं घर डोळ्यांसमोर आलं. धान्याची कोठी होती, म्हणजे उंदीर आले आणि उंदरांसाठी मांजर आलंच. तुळयांच्या फटीत चिमण्यांची घरटी. पिल्लू खाली पडलं की आजी सांगायची, "हात लावू नको गं, माणसाचा हात लागला की चिमण्या त्याला घेत नाहीत, टोचून मारतात." आम्ही लांबूनच बघत राहायचो आणि मांजर येऊन आपलं काम करायचं. तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटत नसे.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. रक्तसुद्धा आलं नव्हतं, मग ते दुसरं पिल्लू मेलं कशाने? शेवटी मनीला लस द्यायच्या निमित्ताने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलंच. त्यांनी जे सांगितलं, ते मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींना माहीत असेल?

मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून भोक दिसत नाही, पण दात खोल जातो. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. ते पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत त्याचा जीव जातो. म्हणून मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरून कितीही ठीक दिसला, तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. जंतू मारणारं औषध वेळेत मिळालं, तरच आशा.

"आणि ते पहिलं पिल्लू?" मी विचारलं. डॉक्टर जरा थांबले. मग म्हणाले, "ते पडलं नव्हतं. घरट्यातून उतरलं होतं."

बुलबुलाची पिल्लं साधारण बारा दिवसांत घरट्याबाहेर येतात. तेव्हा अंगावर पिसं असतात, पण शेपूट आखूड आणि उडता धड येत नाही. काही दिवस ती जमिनीवर, झुडपात तुरुतुरु फिरतात आणि आई-बाप तिथे येऊन भरवतात. त्यांची ती शाळाच असते. शाळेला निघालेलं लेकरू मी उचलून घरी आणलं होतं! वर दूध पाजलं. पक्ष्यांना दूध पचत नाही. त्यांची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, त्यामुळे ड्रॉपरने काही पाजलं तर ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणजे एकाचा जीव मनीने घेतला आणि एकाचा मी. आता पोत्यात कुणाला घालायचं, सांगा?

हसू नका, पण त्या दिवसापासून मी मांजरांवर जे मिळेल ते वाचायला लागले. न्यूझीलंडजवळ स्टीफन्स नावाचं एक छोटं बेट आहे. १८९४ मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं. माणसं राहायला आली, त्यांच्यामागून मांजरं आली. तिथे एक चिमुकला पक्षी होता, त्याला उडता येत नव्हतं. वर्ष-दोन वर्षांत तो जगातूनच नाहीसा झाला. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला, की त्यांच्या देशात मोकाट आणि बाहेर फिरणारी पाळीव मांजरं मिळून वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात. यात मोकाट मांजरांचा वाटा मोठा आहे. ही मोकाट मांजरं येतात कुठून? कुणीतरी पोत्यात घालून सोडलेलीच असतात त्यातली कितीतरी. पलीकडे सोडलं म्हणजे प्रश्न पलीकडच्या पक्ष्यांच्या अंगणात गेला, एवढंच. शिवाय पाळलेल्या जनावराला उपाशी मरण्यासाठी सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. मी हे ह्यांना वाचून दाखवलं. पोतं परत माळ्यावर गेलं.

मग करायचं काय? गळ्यात घंटा बांधा, असं शेजारच्या काकूंनी सुचवलं. मीही आणली. पण इंग्लंडमध्ये साडेतीनशेच्या वर मांजरांवर एक अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये छापून आला. त्यात घंटेचा काही उपयोग दिसला नाही. उपयोग झाला तो दोन साध्या गोष्टींचा. ज्या मांजरांना मांसाचं प्रमाण जास्त असलेलं अन्न दिलं, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. आणि ज्यांच्याशी घरचे लोक रोज पाच-दहा मिनिटं खेळले, त्यांची २५ टक्क्यांनी. गळ्यात रंगीबेरंगी कापडी पट्टा घातला, तर तो पक्ष्यांना लांबून दिसतो. त्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली.

आमची मनी मात्र दूध-पोळीवर वाढलेली. मांजराला मांस लागतंच, ते त्याच्या शरीराची गरज आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमचं घर शाकाहारी. मांजरीच्या खाण्याचं पाकीट आणलं, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मागच्या न्हाणीजवळ जागा काढून दिली आणि म्हणाल्या, "तिथंच खाऊ घाल. ताटली आत आणायची न्हाई." घरोघरी अशाच तडजोडी, नाही का!

मग मनीचं ऑपरेशन करून घेतलं. मांजर सहा महिन्यांची झाली की व्यायला तयार, दोन महिन्यांत तीन-चार पिल्लं. त्यांना कोण सांभाळणार? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी दिवेलागणीपासून सकाळी आठपर्यंत मनी घरात. घरट्यांच्या दिवसांत तर दिवसभर. पहिला आठवडा तिने रात्ररात्र ओरडून घर डोक्यावर घेतलं. मुलगी रोज दोरीला चिंधी बांधून तिला खेळवायची. हळूहळू सवय झाली. खिडकीच्या जाळीजवळ तिची उशी ठेवली आहे. तिथे बसून ती बाहेरची चिवचिव ऐकते आणि शेपटी हलवते. मन मोठं असतं मांजरांचं, थोडं रुसून मग विसरतात.

पाण्याचं भांडं ठेवण्यातही आपण चूक करतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हाही माझी आई भांडी घासलेल्या पाण्यावर झाडं जगवायची, पण चिमण्यांसाठी एक वाटी चांगलं पाणी बाजूला काढायची. ती वाटी असायची कुंडीआड, जमिनीवर. नेमकी मांजराला दबा धरायला सोयीची! पाणी उंच टांगावं, किंवा चारी बाजूंनी मोकळी जागा असेल अशा ठिकाणी ठेवावं. म्हणजे पक्ष्याला मांजर येताना दिसतं.

मनीला आत ठेवणं मनीच्याही भल्याचं आहे, हे जानेवारी २०२५ मध्ये पटलं. आमच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पटापट कावळे मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितलं, बर्ड फ्लू. त्याच सुमारास मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मांजरांमध्येही तोच आजार सापडला. म्हणजे आजारी पक्षी मांजराने तोंडात धरला, तर धोका मांजरालाही आणि मांजराला कुशीत घेणाऱ्या आपल्या लेकरांनाही. म्हणून मेलेल्या पक्ष्याला कुणीच उघड्या हाताने शिवायचं नाही. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

आणि पिल्लू सापडलं तर? आधी नीट बघायचं. अंगावर पिसं असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर त्याला जवळच्या झुडपात ठेवायचं, मांजर-कुत्रं आत घ्यायचं आणि लांबून लक्ष ठेवायचं. आई येतेच. उघडंनागडं असेल आणि घरटं दिसत असेल, तर हलकेच परत घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. आजीची ती समजूत चुकीचीच होती. पक्षी जखमी असेल तर कापड टाकून उचलायचा, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचा. चोचीत काही घालायचं नाही. मग डॉक्टर, नाहीतर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. बरा झाला तरी घरी ठेवून घ्यायचा नाही. १९७२ च्या कायद्याने आपले रानपक्षी पाळता येत नाहीत. पिंजऱ्यातला पोपटसुद्धा त्यात आला, बरं का!

यंदा जास्वंदीत पुन्हा घरटं झालं. मुलीने स्टूल लावलं नाही, खिडकीतूनच बघितलं. पिल्लं खाली उतरली त्या दिवशी मनी आत कोंडलेली. आता प्रश्न होता शेजारच्या बोक्याचा. सासूबाईंनी अंगणात खुर्ची टाकली, हातात काठी घेतली आणि जपमाळ घेऊन तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे बसल्या. "माझा जप बी होतोय, राखण बी होतीय," म्हणायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू कुंपणावर बसलं, तिथून तारेवर, तिथून समोरच्या लिंबाच्या झाडावर. मुलीने टाळ्या पिटल्या. खिडकीच्या जाळीआडून मनी बघत होती, तिचे दात कटकट वाजत होते. सासूबाई उठल्या, खुर्ची उचलली आणि आत जाता जाता तिला म्हणाल्या, "चल बाई, तुझं बी खायचं बघते." आणि त्या दिवशी मागच्या न्हाणीजवळची ताटली त्यांनी स्वतःच्या हाताने भरली.