इंग्रज, अमेरिकन, जपानी : कर्व्यांच्या विद्यापीठात कुणाचं काय आलं?

इंग्रज, अमेरिकन आणि जपानी या तीन समाजांत फरक काय आणि त्यांनी एकमेकांकडून काय घेतलं, हा आजचा विषय. दुधनीत बसून हा विषय जरा लांबचा वाटेल. पण घरात कन्नड, शाळेत मराठी आणि आडतीवर दोन्ही, असा ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्यांना देवाणघेवाण म्हणजे काय हे आम्ही वेगळं सांगायला नको. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही एकच उदाहरण धरणार आहोत : महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं महिला विद्यापीठ. या एका संस्थेत तिन्ही देशांचे धागे येऊन मिळतात.

आपली एक सवय आहे. आपण 'पाश्चात्त्य' म्हणतो आणि इंग्रज-अमेरिकन एकाच पोत्यात भरतो. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या देशाचं इंग्लंडशी युद्ध चालू होतं. कंपनी सरकारला ते इथं नकोच होते. तरी ते राहिले आणि त्यांनी शाळा काढल्या. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा सुरू केली. इंग्रज इथं राज्यकर्ता होता, अमेरिकन नव्हता. दोघांची भाषा एक, धर्मही बराचसा एक. पण आपल्याशी असलेलं नातं वेगळं, म्हणून आपण त्यांच्याकडून घेतलेल्या गोष्टीही वेगळ्या.

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला निघाल्या त्या इंग्लंडला नव्हे, अमेरिकेला. फिलाडेल्फियात स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज १८५० पासून होतं. लंडनमधलं १८७४ सालचं. त्या कॉलेजात १८८५ साली काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई आहेत, जपानच्या केई ओकामी आहेत आणि सीरियातून आलेल्या एक बाई आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. म्हणजे जपानी बाई आणि मराठी बाई एका बाकावर आल्या त्या अमेरिकेत. पूर्वेकडच्या दोन देशांची ओळख पश्चिमेत व्हावी, ही गोष्ट पुढेही दिसेल.

पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना शिकवणारे होते, माया करणारेही होते. पण रमाबाईंनी पुरुषांच्या वर्गाला शिकवावं असं निघालं तेव्हा चर्चमधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं तिथंच राहिल्या. त्यांना तिथं सगळ्यात काय भावलं? बायकांनी काढलेल्या आणि बायकांनीच चालवलेल्या संस्था. सरकारची वाट न पाहता दहाजणी एकत्र येतात, वर्गणी काढतात, हिशेब ठेवतात आणि काम उभं करतात, हे त्यांनी मराठी वाचकांसाठी १८८९ च्या आपल्या पुस्तकात तपशिलाने लिहिलं. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि तिथल्या मूळ रहिवाशांवरचा अन्याय, हेही त्यांनी झाकलं नाही. भारावून जायचं पण डोळे उघडे ठेवून, असा तो प्रकार. बॉस्टनमधल्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई यांच्याशी कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. अमेरिकेचा धागा कर्व्यांच्या घरात पोचला तो असा.

इंग्रजांचा धागा तर आधीपासून होताच. कर्वे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं. त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदवी देणं. विषय ठरलेले, माध्यम इंग्रजी. मुलींना वेगळी वाट नाही. मुलग्यांसाठी आखलेल्या वाटेवरून चालता आलं तर चाला.

आता जपान. १९१५ साली कर्व्यांना टपालाने एक छोटी पुस्तिका आली, टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी. ती त्यांनी बाजूला ठेवली होती. त्या वर्षअखेरीच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हातात आली, आणि भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली विद्यापीठ सुरू झालं, पाच विद्यार्थिनींवर. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा विषय म्हणून. पदव्यांची नावंसुद्धा आपली : गृहीतागमा आणि प्रदेयागमा. पहिलीने विद्या घेतली, दुसरी ती देऊ शकते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव मिळालं.

पण टोकियोचं ते विद्यापीठ तरी निव्वळ जपानी होतं का? ते १९०१ साली स्थापन करणारे नारुसे जिन्झो हे आधी अमेरिकेत राहून शिकून आले होते. म्हणजे अमेरिकेतून जपानला, जपानमधून पुण्याला.

याहून गंमत पुढे आहे. 'सुशील पत्नी, सुज्ञ माता' हे त्या काळच्या जपानी स्त्रीशिक्षणाचं ब्रीद. ऐकल्याबरोबर आपल्याला वाटतं, हा तर अस्सल पौर्वात्य विचार. या शब्दांचं श्रेय सहसा नाकामुरा मासानाओ यांना देतात. हे गृहस्थ इंग्लंडला जाऊन आलेले आणि सॅम्युअल स्माइल्सच्या 'सेल्फ हेल्प'चे जपानी भाषांतरकार. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला घरंदाज इंग्रज बाईचा आदर्श त्यांनी तिथं पाहिला होता. तेव्हा एखादी गोष्ट पूर्वेची की पश्चिमेची, हे तिच्या पोशाखावरून ठरवता येत नाही.

कर्व्यांवर टीका झाली ती इथंच. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम, त्यात गृहजीवनाचे विषय, म्हणजे कमी प्रतीची पदवी नव्हे का? हा आक्षेप पोकळ नव्हता. सरकारमान्यता नसल्याने त्या पदवीला नोकरीच्या बाजारात वजन नव्हतं, आणि ती किंमत मुलींनी मोजली. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. टोकियोच्या संस्थेलाही तो १९४८ पर्यंत मिळाला नव्हता. दोन्हीकडे नावात विद्यापीठ, आणि सरकारी दप्तरात मात्र नाही.

मग जपानकडून कर्व्यांनी नेमकं काय घेतलं? आमच्या मते धीर घेतला. आधुनिक विद्या आपल्या भाषेतून देता येते, याचा चालता-बोलता पुरावा त्यांना हवा होता. जपान्यांनी सुरुवातीला परदेशी प्राध्यापक आणून परक्या भाषांतून शिकवलं, मग शब्द घडवले. आमच्याच विषयाचं घ्या. 'तत्त्वज्ञान' या अर्थी जपानीत 'तेत्सुगाकु' हा शब्द आहे, तो निशी अमाने यांनी एकोणिसाव्या शतकात घडवला. आज तो तिथं कुणाला परका वाटत नाही.

मात्र जपानचा दाखला देताना एक गोष्ट विसरू नये. तिथं स्वतःचं राज्य होतं आणि राज्यकारभाराची एक भाषा होती. आपल्याकडे 'मातृभाषेतून शिक्षण' म्हणताच पहिला प्रश्न येतो, कुणाची मातृभाषा? कर्व्यांच्या विद्यापीठाने मराठीबरोबर गुजरातीलाही जागा दिली, हे म्हणून महत्त्वाचं. या गावातली कन्नड बोलणारी मुलगी मराठी शाळेत जाते, आणि आता आईवडील तिला इंग्रजी माध्यमात घालायचं म्हणतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण नोकरी ज्या भाषेत मिळते तिकडे पालक जाणारच. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या पदवीला बाजारात मोल मिळवून द्यावं लागतं. नाहीतर आग्रह आपला आणि नुकसान मुलीचं.

थोडक्यात, प्रभाव पाण्यासारखा उतारावरून आपोआप वाहत येत नाही. घेणारा आपली अडचण घेऊन जातो आणि तिच्यापुरतं घेतो. फुल्यांना शाळा दिसली, रमाबाईंना संघटना दिसली, कर्व्यांना भाषा दिसली. दुसऱ्यांकडून काय घ्यावं हे विचारण्याआधी आपली अडचण कोणती, हे नीट मांडता आलं पाहिजे. दुधनीतल्या मुलींच्या शिक्षणाची अडचण कोणती, हे तुम्ही आम्हाला सांगायचं आहे. आता प्रश्न घेऊ. कन्नडमधून विचारलेत तरी चालेल, शेजारचं कुणी समजावून देईल.