घरात चूल नसलेलं शहर

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाण्यापिण्यावर लिहिणारा माणूस बहुधा १९७१ सालापाशी जाऊन पोचतो. त्या वर्षी खाडीपलीकडच्या बर्कलीत अ‍ॅलिस वॉटर्स यांनी ‘शे पनीस’ सुरू केलं, आसपासच्या शेतांतला ताजा माल आणून रोज एकच ठरलेला बेत वाढला आणि पुढे अख्ख्या अमेरिकेने तो कित्ता गिरवला. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण मला विचाराल, तर या शहराच्या जेवणाची गोष्ट अंड्यांच्या टंचाईपासून सांगायला घ्यावी.

जानेवारी १८४८ मध्ये सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी सोनं सापडलं आणि जेमतेम हजार वस्तीचं हे बंदर पुढच्या वर्षाअखेर पंचवीस हजारांच्या घरात गेलं. आलेले बहुतेक सगळे एकटे पुरुष. राहायला तंबू, रांधायची बोंब, खिशात मात्र सोन्याची पूड. कोंबड्या इतक्या कमी, की एका अंड्याला एक डॉलर पडू लागला. मग लोकांनी होड्या काढल्या आणि चाळीसहून अधिक किलोमीटरवरच्या फॅरलॉन बेटांवर जाऊन ‘मर’ नावाच्या समुद्रपक्ष्याची अंडी लुटली. उकडली तरी त्यांचं पांढरं पारदर्शकच राहायचं आणि बलक लालभडक. तरीही बेकऱ्यांत ती खपत. या धंद्याच्या मक्तेदारीवरून १८६३ मध्ये बेटावर गोळीबार झाला, दोघांचा जीव गेला. काही दशकांत ते पक्षीच संपत आले.

अशा गावात खाणावळी घरांच्या आधी उभ्या राहिल्या. आजचं ‘टाडिच ग्रिल’ आपलं मूळ १८४९ मधल्या क्रोएशियन माणसांच्या कॉफीच्या टपरीत दाखवतं. ‘बुदँ’ बेकरीचा आंबट पावही त्याच वर्षीचा. तो आंबवणाऱ्या एका जिवाणूला शास्त्रज्ञांनी शहराचंच नाव दिलं. ही चव इथल्या धुक्यातूनच येते, असं स्थानिक लोक छातीठोकपणे सांगतात. तोच जिवाणू युरोपातल्या पावांतही सापडतो, हे त्यांना ऐकवू नये!

सोनं शोधणाऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवायचं असलं, की ते पिवळे तिकोनी झेंडे लावलेली चिनी खाणावळ गाठत. त्याच चिन्यांना पुढे १८८२ च्या कायद्याने अमेरिकेचं दार बंद केलं. मजुरांना बंदी, व्यापाऱ्यांना सूट. १९१५ मध्ये एका न्यायालयीन निकालाने रेस्टॉरंटचा मालकही व्यापाऱ्यात मोडू लागला आणि नातेवाइकांनी पैसे एकत्र करून मोठाली, झगमगीत रेस्टॉरंटं काढली. भागीदार आळीपाळीने व्यवस्थापक होत, म्हणजे प्रत्येकाला व्यापाऱ्याचा दर्जा मिळे. अमेरिकेत गल्लोगल्ली चिनी जेवण पोचलं त्यात चवीइतकाच या पळवाटेचा हात आहे. कायदा रद्द व्हायला १९४३ उजाडलं.

मधल्या काळात १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला. हेज व्हॅलीत एका बाईने सकाळच्या नाश्त्यासाठी चूल पेटवली, तडकलेल्या धुराड्यातून घराने पेट घेतला आणि त्या आगीत शहराचा मोठा भाग गेला. इतिहासात ती ‘हॅम अँड एग्ज’ आग म्हणूनच नोंदली गेली आहे. नंतर धुराडी तपासून होईपर्यंत घरात स्वयंपाकाला मनाई होती. श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या चुली रस्त्यावर मांडल्या गेल्या.

चिनी जेवणानंतर मिळणाऱ्या, पोटात भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटाची कथा तर चिनी नाहीच. गोल्डन गेट पार्कातल्या जपानी चहाच्या बागेत माकोतो हागिवारा ते पाहुण्यांना देत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांच्या बेकऱ्या बंद पडल्या आणि धंदा चिनी बेकरीवाल्यांकडे गेला. हागिवारा कुटुंबाला ती बाग परत मिळाली नाही.

मिशन भागातला बुरिटो त्या मानाने अलीकडचा. ‘एल फारो’ या दुकानाचा दावा १९६१ चा. पहिली गिऱ्हाइकं म्हणे शेजारचे अग्निशमन जवान. काउंटरपलीकडचा माणूस मैद्याची भली मोठी पोळी वाफेवर मऊ करतो, तिच्यावर भात, घेवडा, मांस, साल्सा रचतो, दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट वळकटी करतो आणि चंदेरी कागदात गुंडाळतो. सगळं मिनिटभरात, आपल्या डोळ्यांदेखत. एका हातात धरून उभ्या उभ्या दिवसाचं जेवण उरकता यावं, ही कष्टकऱ्याची गरज त्यात भागते.

शहराच्या दक्षिणेकडे ‘झांटे’ नावाच्या दुकानात १९८६ पासून पालक-पनीर घातलेला पिझ्झा मिळतो. तो पंजाबी माणसाने सुरू केला. पिझ्झा म्हणून तो इटालियनांना पटणार नाही, पण आपल्याला चटकन पटतो.

बे एरियात मुलाकडे किंवा लेकीकडे जाणारी आपली मंडळी हल्ली खूप. ‘शे पनीस’चं आरक्षण मिळालं तर जरूर जा. नाही मिळालं, तर सरळ मिशनमध्ये जा. शाकाहारी असाल तर मांस नको म्हणून आधीच सांगा, घेवडा चरबीत शिजवलाय का तेवढं विचारा आणि दोघांत एकच बुरिटो घ्या.