फोल्डरची मांडणी वारंवार का बदलते?

बिलांच्या फोल्डरमध्ये तारखेवार यादी लावावी आणि काही दिवसांनी तेथे मोठमोठी चित्रे दिसावीत, हा अनुभव अनेक व्यापारी बांधवांना येतो. घाईत गिऱ्हाइकाला जुनेच बिल जाते आणि उधारीचा वाद उभा राहतो. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने (सूरह बकरा, आयत 282) दिली आहे. लिहिलेले वेळेवर सापडणेही तितकेच गरजेचे.

संगणक बिघडलेला नसतो. विंडोज आतील फाईली पाहून फोल्डरचा प्रकार स्वतःच ठरवते. असे पाच प्रकार आहेत: सर्वसाधारण, कागदपत्रे, चित्रे, संगीत व व्हिडिओ. बिलांचे फोटो वाढले की फोल्डर चित्रांच्या प्रकारात जाऊ शकते.

उपाय सोपा आहे. फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'कस्टमाईज' उघडा. तेथे 'जनरल आयटम्स' निवडा, सब-फोल्डर्सच्या चौकटीत खूण करा व 'ओके' दाबा. मग फोल्डर उघडून 'डिटेल्स' निवडा आणि तारखेचा क्रम लावा. शेवटी 'ऑप्शन्स'मध्ये (विंडोज 11 मध्ये वरच्या तीन टिंबांत) 'व्ह्यू'खालील 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबा. हे बटण त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होते, म्हणून प्रकार आधी ठरवावा.