पोटावरची वाट

कोलोस्टोमी म्हटलं की घरातले हबकतात. आता सगळं संपलं, असंच वाटतं. खरं तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवणारी पर्यायी वाट आहे. मोठं आतडं फुटलं, कर्करोगाच्या गाठीने तुंबलं किंवा बाळ गुदद्वाराविनाच जन्मलं, तर मळ पोटात अडकतो किंवा पसरतो आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो. अशा वेळी आतड्याचं तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर काढतात. ते लालसर, ओलसर दिसतं. स्पर्शाने दुखत नाही. मळ त्यावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. १७९३ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्त इथे द्युरे या शल्यविशारदाने गुदद्वाराविना जन्मलेल्या नवजात बाळावर ही शस्त्रक्रिया केली. ते बाळ पुढे ४५ वर्षं जगलं.

‘आतडं लगेच का जोडत नाहीत?’ हा प्रश्न रास्त आहे. पण सुजलेल्या, दूषित जागी घातलेले टाके उसवू शकतात. म्हणून आधी विसावा, मग जोडणी. अनेकदा काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडता येतं. गुदद्वारच काढावं लागलं, तर मात्र ही वाट कायमची. दुसरी धास्ती दुर्गंधीची. नीट बसवलेली पिशवी वास बाहेर येऊ देत नाही. नोकरी, प्रवास, पोहणंही जमतं. लाजेपोटी शस्त्रक्रिया लांबवणं, हाच खरा धोका आहे.