ग्रामीण प्रवासाचे एकक : शहापूर व मुरबाड तालुक्यांतून राजधानीकडे होणारी वाहतूक

प्रस्तावना :
वाहतुकीच्या अभ्यासात सामान्यतः मार्गांची लांबी व वाहनांची संख्या मोजली जाते. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र घरापासून इच्छित स्थळापर्यंतचा संपूर्ण प्रवास हेच खरे एकक असते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून मुंबईकडे होणाऱ्या प्रवासाचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

शहापूर तालुका :
बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ साली सुरू झाली. लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. आज वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून लोकल मिळते. तथापि तालुक्याचे ठिकाण असलेले शहापूर लोहमार्गावर नाही. किन्हवली वा डोळखांब परिसरातील प्रवाशास आधी एस.टी. किंवा जीप, मग शेअर रिक्षा व त्यानंतर आसनगावची लोकल असा टप्प्याटप्प्याने प्रवास करावा लागतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ कि.मी.चा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा महामार्ग तालुक्यातून जात असला, तरी त्यावर ठरावीक ठिकाणीच प्रवेश मिळतो.

मुरबाड तालुका :
सातवाहनकाळात कोकणातील बंदरे व जुन्नर यांमधील व्यापार नाणेघाटातून चाले. त्याच मुरबाड तालुक्यात आज रेल्वे स्थानक नाही. कल्याण–माळशेज रस्ता हाच दळणवळणाचा मुख्य आधार आहे. टोकावडे, सरळगाव, धसई येथील प्रवासी लोकलसाठी प्रामुख्याने कल्याण गाठतात. एस.टी. चुकली की काळीपिवळी जीप हाच पर्याय उरतो.

भाडे व सवलत :
एस.टी.मध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. परंतु या सवलती वाहनाशी बांधलेल्या आहेत, प्रवासाशी नव्हे. एस.टी. नसलेल्या वेळी विद्यार्थिनीला जीपचे पूर्ण भाडे द्यावे लागते. परिणामी जेथे बस कमी, तेथे सवलतीचा लाभही कमी, अशी विषमता निर्माण होते.

लंडनचा अनुभव :
लंडनमध्ये १९३३ साली बस, ट्राम व भुयारी रेल्वे एका मंडळाखाली आणण्यात आल्या. २००३ मध्ये ऑयस्टर हे सामायिक कार्ड आले. २०१८ पासून तेथे एका तासाच्या आत कितीही बस बदलल्या, तरी एकच भाडे लागते. वाहन बदलण्याचा भार तेथे प्रवाशावर टाकलेला नाही. मुंबईतही ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' या ॲपद्वारे लोकल, मेट्रो, मोनोरेल व शहर बससेवा अशा ११ संस्था एकत्र आल्या. आरंभीच्या त्या यादीत एस.टी. नव्हती. म्हणजे ज्या टप्प्यावर ग्रामीण प्रवासाचा प्रारंभ होतो, तोच टप्पा बाहेर राहिला.

निष्कर्ष :
दोन्ही तालुक्यांची अडचण केवळ मार्गांच्या अभावाची नसून टप्पे परस्परांशी न जुळण्याची आहे. लोकलच्या वेळेशी एस.टी.चे वेळापत्रक जोडणे, सामायिक तिकिटात एस.टी.चा समावेश करणे आणि बस नसलेल्या मार्गांवर सवलतीची पर्यायी सोय करणे, हे तीन उपाय त्यासाठी विचारार्ह ठरतात. महाविद्यालयांनीही तासिकांचे वेळापत्रक ठरविताना शेवटच्या एस.टी.ची वेळ लक्षात घेणे अगत्याचे आहे. कारण अनेक विद्यार्थिनींचे शिक्षण त्या एका फेरीवर अवलंबून असते.