भाकरी ताजी, लोणचं मुरलेलं

11 सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि माणसं गूगलवर धावली: 'वर्ल्ड ट्रेड सेंटर'. समोर काय आलं? जुनीच पानं. गूगलकडची प्रत महिनाभरापूर्वीची होती आणि तिच्यात मनोरे अजून उभे होते! शेवटी गूगलनं आपल्या पहिल्या पानावर लिहिलं, की ताज्या बातम्यांसाठी टीव्ही किंवा रेडिओ लावा. विचार करा, हे सर्च इंजिन सांगत होतं!

असं का झालं? तुम्ही प्रश्न टाकता तेव्हा सर्च इंजिन इंटरनेट धुंडाळत बसत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक अवाढव्य सूची त्यानं आधीच करून ठेवलेली असते, तिच्यात ते बघतं. तेव्हा ही सूची साधारण महिन्यातून एकदा नवी व्हायची. 2010 साली 'कॅफीन' नावाची नवी व्यवस्था आली आणि पान सापडलं की थेट सूचीत जाऊ लागलं. किती पानं? गूगलनंच तेव्हा सांगितलं होतं, की ती कागदाची असती तर गठ्ठा दर सेकंदाला तीन मैलांनी उंच झाला असता. सेकंदाला जवळजवळ तीन कळसूबाई!

मग जे ताजं ते वर, असं आहे का? मुळीच नाही. भाकरी तव्यावरची हवी, पण लोणचं मुरलेलंच हवं. आणि खरी गंमत अशी, की एकच शब्द आज लोणचं असतो आणि उद्या भाकरी. 'भूकंप' घ्या. एरवी विचारणाऱ्याला भूकंप कसा होतो हे हवं असतं, किंवा 1993 चं किल्लारी. पण आत्ता घरातली भांडी खणखणली असतील तर? त्याला गेल्या पाच मिनिटांतलं हवं असतं.

जमीन हादरली हे यंत्राला कळतं कसं? आपणच कळवतो की! एकाएकी हजारो बोटं तोच शब्द टाइप करू लागतात आणि बातम्यांच्या साइटवरही तोच विषय उसळतो. झाशीत जन्मलेल्या अमित सिंघल यांनी गूगलची ही युक्ती 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला उलगडून सांगितली होती. आपला घाबरलेला प्रश्न हीच यंत्रासाठी पहिली बातमी!

आता एक कोडं. नव्याच्या शोधात पानापानाला भेट देत फिरणारा प्रोग्राम म्हणजे क्रॉलर. समजा एक पान दिवसातून नऊदा बदलतं, दुसरं एकदाच, आणि क्रॉलरला दिवसाला एकच भेट परवडते. कुठे जावं? नऊवाल्याकडे, हो ना? स्टॅनफर्डच्या जुंगहू चो आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी गणित मांडलं आणि उत्तर निघालं दुसऱ्याकडे! पहिल्याची प्रत घरी आणेपर्यंत शिळी होते. दुसरं पान मात्र दुपारपर्यंत बदललेलं असेल, तर दुपारी आणलेली प्रत रात्रीपर्यंत टिकते. सरासरी फायदा नऊपट. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद घेऊन पडताळून पाहिलं होतं.

आणि पान बदललंच नसेल तर? क्रॉलर दारातूनच विचारू शकतो, 'मी गेल्या खेपेला आलो होतो, त्यानंतर काही नवं?' सर्व्हर अख्खं पान पाठवत नाही, तीन आकडे पाठवतो: 304. म्हणजे, काही नाही. क्रॉलर पुढच्या दाराकडे वळतो.