भार पेलणारी हाडे

हाड म्हणजे दगडासारखी ताठ व न वाकणारी वस्तू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या स्त्रीच्या नडगीचे हाड प्रत्येक पावलागणिक किंचित दबते व वाकते, आणि पाऊल उचलताच पूर्ववत होते. या गुणधर्मास स्थितिस्थापकता म्हणतात. भाराच्या प्रमाणात आकार बदलतो, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम काही मर्यादेपर्यंत हाडांनाही लागू पडतो.

हा बदल डोळ्यांना दिसत नाही. चालताना तो हजारात एका भागाहूनही कमी असतो. म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीच्या हाडात अर्धा मिलिमीटरही नाही. मात्र तो हजारात ७-८ भागांपर्यंत गेला, की हाडास कायमची इजा होऊ लागते. सारख्याच आकाराच्या पोलादी कांबीच्या तुलनेत हाड सुमारे दहापट अधिक लवते.

हे सामर्थ्य दोन घटकांच्या संयोगातून येते. कॅल्शियम व फॉस्फरसयुक्त क्षार हाडाला ताठपणा देतात, तर कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू त्याला चिवटपणा देतात. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावे. क्षार विरघळून ते रबरासारखे वाकते. उलट, विस्तवात भाजलेल्या हाडातील तंतू जळून जातात व ते हाताने चुरडते.

हा समतोल बिघडला की संकट ओढवते. मुडदूस झालेल्या बालकाच्या हाडांत क्षार पुरेसे नसतात. त्यामुळे त्याचे पाय शरीराच्या भाराने वाकतात आणि भार उतरला तरी सरळ होत नाहीत. फ्लोराइडचे प्रमाण अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे घट्ट दिसली तरी ठिसूळ बनतात. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात असे फ्लोराइड आढळले आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा होय.

हाड ही जिवंत रचना आहे. नियमित श्रमाने ते बळकट होते, तर दीर्घ निष्क्रियतेने झिजते. म्हणून मुलांना कोवळे ऊन, खेळ व सकस आहार मिळावा, तसेच पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक स्रोताची तपासणी वेळच्या वेळी व्हावी, याकडे शाळा व ग्रामपंचायती यांनी जातीने लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.